पायांचा विषय

सिग्नलला बस थांबली तेव्हा ती तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसून कॅप्टनच्या मांडीचा विचार करत होती. हे असं मोठ्यानं सांगितलं तर लोक हसतील, पण गेली सतरा वर्षं तिचे दिवस दुसऱ्यांच्या मांड्या, पोटऱ्या आणि घोटे यांच्यातच गेले होते. फुटबॉलच्या संघाची ती फिजिओ. कॅप्टनच्या उजव्या मांडीचा मागचा स्नायू नऊ दिवसांपूर्वी ओढला गेला होता आणि उद्याचा सामना हरला तर संघ खालच्या गटात ढकलला जाणार होता, म्हणजे एका मांडीवर पन्नास माणसांची पोटं होती. शेजारी गोलकीपर बसला होता. त्याला सगळे गोलीच म्हणत. प्रवासात त्याला झोप येत नसे आणि शेजारच्यालाही तो येऊ देत नसे. खिडकीबाहेर बोट दाखवून तो म्हणाला, "ताई, ती पिशवीवाली सांग." हा त्यांचा जुना खेळ होता. तो रस्त्यावरचं माणूस दाखवायचा आणि ती त्याच्या चालीवरून दुखणं सांगायची. "कंबर," ती म्हणाली. "दुसऱ्या बाळंतपणापासून धरलीय. घरात कुणाला बोललेली नाही." गोली खूश झाला. "आणि तो म्हातारा? झेब्रावरचा?"

माणसाच्या तोंडाकडे आधी बघायची तिची सवय कधीच सुटली होती. ती पायांकडे बघायची. "डावं पाऊल उचलत नाही त्याचं," ती म्हणाली. "बघ, जिना चढल्यासारखा गुडघा वर घेतोय, नाहीतर बोटं रस्त्याला घासतील. पंजा लोंबतोय नुसता. कमरेत नस दबलीय. आणि हे काही आजचं नाही हं, बरेच महिने झालेत. चालायची युक्ती बसवलीय त्यानं." गोलीनं विचारलं, "पडेल का?" "वर्षाच्या आत. घरात बघणारं कुणी नसणार, नाहीतर एव्हाना लक्षात आलं असतं." हे सगळं ती हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलून गेली. मग म्हाताऱ्याला रस्ता ओलांडायला वेळच फार लागत होता म्हणून तिची नजर पायांवरून वर सरकली. राखी कोट. कोटाच्या कॉलरचं वळण. असं वळण शहरात एकाच माणसाला घालता यायचं, आणि तो माणूस स्वतःच कोटात होता. ते तिचे बाबा होते.

सिग्नल हिरवा झाला. बाबा कसेबसे पलीकडच्या फुटपाथला लागले, खांब धरून उभे राहिले, आणि बस पुढे गेली. ती उठली नाही. "थांबवा" असं ओरडली असती तर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली असती, एखाद्याला मळमळलं तरी तो घेतो. पण तिच्या अंगातून काही हललंच नाही. मांडीवर कॅप्टनच्या मांडीची फाईल उघडी होती. गोलीनं विचारलं, "काय गं ताई, काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." गोलीनं पुढचा माणूस दाखवला आणि तिनं त्याच्याही गुडघ्याचं काहीतरी सांगितलं. पुढचा अर्धा तास ती तशीच उत्तरं देत होती, आणि तिची तिलाच भीती वाटत होती. परक्या माणसाची कीव यावी तेवढीही तिला त्या पायाची आली नव्हती. घरात बघणारं कुणी नसणार, हे तिनंच म्हटलं होतं.

शहर मागे पडलं, गोदामं आली, मग नुसती शेतं, आणि ती हिशेब मांडत बसली. अशा पायाचं गणित तिला पाठ होतं. नस दबल्यापासून आठ-दहा आठवड्यांत सर्जनच्या हातात माणूस गेला तर पाऊल पुष्कळदा परत येतं. सहा महिने उलटले की स्नायू विसरून जातो, मग कितीही आपटा. म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर होतं, हे सुरू कधी झालं. आणि सुरू कधी झालं ते आठवायला लागल्यावर तिला कळलं की आपण बाबांना चालताना शेवटचं कधी पाहिलं तेच आपल्याला सांगता येत नाही. एकाआड एक रविवारी ती जायची. दार नुसतं लोटलेलं असायचं. ती म्हणायची, "बाबा, दार लावत जा हो, कुणीही शिरेल." ते टेबलापाशी, खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसलेले असायचे. म्हणायचे, "तूच यायची होतीस ना." मग म्हणायचे, "आज चहा तुझ्या हातचा होऊ दे." निघताना बसल्या जागेवरून म्हणायचे, "दार ओढून घे." आई गेल्यापासून बाबा मऊ झालेत, लाडात येतात, असं ती समजत होती. तिला ते आवडायचंसुद्धा. आता एकेक रविवार उलगडून बघताना प्रत्येकात ते बसलेलेच होते. सामन्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा त्यांनी जिन्यापर्यंत पोचवलं होतं, हे तिला नक्की आठवत होतं. त्याला आठ महिने झाले होते.

खरं म्हणजे ही नजर तिला मिळाली होती ती त्यांच्याकडूनच. बाबा शिंपी. बाजारातल्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, मशीन काचेशी लावलेलं. शाळा सुटली की ती काउंटरवर चढून बसायची आणि बाबा तोंडात टाचण्या धरून रस्त्यावरच्यांची मापं काढायचे. "त्या वकिलाचा उजवा खांदा अर्धा इंच खाली, तिथं अस्तर दुहेरी घालावं लागतं. तो बँकेतला, एक पाय बाहेर टाकतो, त्याची पँट आतल्या बाजूनं झिजते." माणूस दारात यायच्या आधी त्याचं सगळं बिंग त्यांना ठाऊक असायचं, पण गिऱ्हाइकाला कधी ते जाणवू द्यायचे नाहीत. फिजिओ व्हायचं म्हणाली तेव्हा आईनं कपाळाला हात लावला होता. बाबा म्हणाले होते, "जाऊ दे तिला. मी वरून झाकतो, ती आतून नीट करेल." ही नोकरी लागली तेव्हा त्यांनी तो राखी कोट शिवला होता, तिच्या पहिल्या सामन्याला यायला. आले होते. दीड तास खेळ बघून म्हणाले, "चड्ड्या फार वाईट बेतल्यात."

आणि मग एकदम, बस पेट्रोलपंपावर थांबलेली असताना, तिला तो रविवार आठवला. आठवला म्हणजे काय, तो कुठं गेलेलाच नव्हता, तिनंच त्याच्याकडे पाठ केली होती. त्या आठवड्यात क्लबनं एक व्याख्यान ठेवलं होतं, काम आणि घर यांचा तोल कसा सांभाळावा यावर. मालिशवाला, किट सांभाळणारा, आहार बघणारी, ती, असे बाराजण जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून बसले होते. व्याख्यान देणारी बाई हुशार होती, तिच्या बोलण्यात तथ्य होतं. फिजिओचं घर आधी मोडतं, असं बाई म्हणाली तेव्हा सगळ्यांनी आपल्या फिजिओकडे न बघायचा प्रयत्न केला. तिला एक नवरा होता. तो फार समजूतदार होता, आणि एक दिवस समजूतदारपणेच निघून गेला. बाई म्हणाली, रेघ ओढायला शिका. घरच्यांना सांगायचं असं एक वाक्य ठरवा, एकदाच सांगा, पण हसत सांगा. प्रत्येकानं कागदावर आपलं वाक्य लिहिलं. तिनं लिहिलं, घरी पायांचा विषय नाही. बाईनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हॉल खदखदून हसला, कारण सगळ्यांचं दुखणं तेच होतं. ती कुणाकडे जेवायला गेली की पहिला घास घ्यायच्या आत मामांचा गुडघा टेबलाखालून बाहेर यायचा, मग मावशीची टाच, मग शेजारणीच्या जावयाचा खांदा, जो मुळात पाय नव्हेच. सुट्टीच्या दिवशी तिला पायांचा उबग यायचा. त्या रविवारी बाबांकडे शिरता शिरताच तिनं सांगून टाकलं. "बाबा, आता एक नियम केलाय. घरी पायांचा विषय नाही." हसत सांगितलं, बाईनं शिकवलं होतं तसं.

बाबांनी डावा मोजा काढून ठेवलेला होता. पाऊल समोरच्या स्टुलावर होतं. हे तिनं पाहिलं होतं, स्वच्छ पाहिलं होतं, आणि आता पेट्रोलच्या वासात बसून ती ते पाऊल पुन्हा बघत होती. बाबासुद्धा हसले. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी कुणाकडे जेवायला गेलो की यजमान आतून पँट घेऊन यायचे, जरा कंबर ढिली करता का म्हणून. तुझ्या आईला कोण राग यायचा." असं म्हणत त्यांनी खाली वाकून मोजा परत चढवला. बराच वेळ लागला त्यांना. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कॅप्टन होता, त्याचा घोटा तेव्हा सुजलेला होता. बाबांच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती चाळीस मिनिटं त्या घोट्याबद्दल बोलत होती, बर्फ किती वेळ, पट्टी कशी, झोपताना उशी कुठं. बाहेर आली तेव्हा बाबा पेपर वाचत होते. तिनं विचारलं, "काही म्हणत होतात का मघाशी?" ते म्हणाले, "नाही गं. काही नाही." त्या रविवारी कॅप्टनचा घोटा सुजला होता, म्हणजे हंगामातला तिसरा सामना. घोट्यांच्या तारखा तिला तोंडपाठ होत्या. साडेसात महिने झाले होते.

हॉटेलात पोचल्यावर तिनं फोन लावला. संध्याकाळचे पाच वाजले होते, खाली खेळाडू पाय मोकळे करायला निघाले होते. "बाबा, आज बाहेर गेला होतात?" "छे. घरीच तर होतो दिवसभर. का गं?" "काही नाही, सहज." "उद्या सामना ना? त्या पोराकडे लक्ष दे. मांडीचं काहीतरी आलंय पेपरात." तिला म्हणायचं होतं, बाबा, मी पाहिलं. पण मग पुढचं वाक्य यायला हवं होतं, मी पाहिलं आणि मी उतरले नाही, आणि ते काही ओठावर येईना. ती म्हणाली, "जेवलात का?" पाच वाजता कोण जेवतं. ते म्हणाले, "हो, जेवलो." दोघांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कॅप्टनची मांडी हातात घेतली आणि हात आपलं काम करायला लागले. हातांना तिच्या मनाशी देणंघेणं नव्हतं. अंगठा स्नायूवरून खाली सरकला, ती जुनी गाठ लागली, आदल्या दिवसापेक्षा सैल. तीस वर्षांचा तो धिप्पाड माणूस तिच्यासमोर पालथा पडून लहान मुलासारखा विचारत होता, "ताई, खरं सांग. होईल ना?" ती म्हणाली, "एक तास खेळ. त्याच्या पुढे एक मिनिट नाही." या लोकांचं खोटं तिला हाताखाली कळायचं. दुखत असेल तेव्हा तोंडानं नाही म्हणायचे आणि स्नायू आत ओढून घ्यायचे. सतरा वर्षांत तिला फसवलेला एकही पाय नव्हता. कॅप्टननं एक्कावन्नाव्या मिनिटाला गोल केला, साठाव्या मिनिटाला तिनं हात वर केला, तो बाहेर आला, संघ वाचला. कोचनं सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं, "हिच्याशिवाय आपलं पान हलत नाही." हे वाक्य तिनं पूर्वीही पुष्कळदा ऐकलं होतं, आणि खोटं कशाला बोला, त्याच्यावर तिचे महिनेच्या महिने निघायचे. थकून घरी आल्यावर, रिकाम्या खोलीत दिवा लावताना ते वाक्य कानात असायचं. आज ती आजूबाजूला बघत उभी राहिली. हिच्याशिवाय यांचं एखादं पान हललं असतं तर काय बिघडलं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि उत्तर इतकं सोपं होतं की तिला बसावंसं वाटलं.

परतीची बस तिसऱ्या दिवशी दुपारी सरावाच्या मैदानावर पोचली. पोरं गाणी म्हणत उतरली. फाटकावरचा रखवालदार तिच्या पेट्या उतरवून घ्यायला आला. भला माणूस, बोलका. "अभिनंदन मॅडम. आणि हो, परवा तुमची बस निघाली ना, त्याच्या जरा आधी तो तुमचा पेशंट येऊन गेला परत." तिनं विचारलं, "कोण पेशंट?" "ते वयस्कर गृहस्थ. पाय ओढतात ते. चौथ्यांदा आले बघा. मी आपलं दर वेळी सांगतो, मॅडम बाहेरचे पेशंट बघत नाहीत, संघाचेच बघतात. तर म्हणतात, हो, ते माहीत आहे मला. विचारत होते, त्यांना सगळ्यात कमी गडबड कधी असते? मी म्हटलं, आजोबा, गडबड कमी असायला त्या काय पोस्टात आहेत?" तो हसला. ती हसली नाही म्हणून थांबला. "चुकलं का काही? बसा म्हटलं होतं मी त्यांना. म्हणाले, बसलो तर उठताना तुम्हालाच त्रास." तिनं विचारलं, "नाव सांगितलं त्यांनी?" "नाही. विचारलं तर म्हणाले, पेशंट आहे म्हणून सांगा." घरी पायांचा विषय नाही, म्हणून बाबा पाय घेऊन कामावर आले होते. नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता. दोन बस बदलून, राखी कोट घालून, चार वेळा. तिला राग आला, स्वतःचा, रखवालदाराचा, त्या हुशार बाईचा, पण सगळ्यात जास्त बाबांचा, की इतकं शहाण्यासारखं वागायला त्यांना कुणी सांगितलं होतं. पेट्या तिथंच टाकून ती निघाली. मागून कोचनं हाक मारली. पार्टी होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आज रविवार नव्हता, तरी होतं. बाबा टेबलापाशी बसून तिची एक जुनी पिशवी शिवत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, आज कशी काय? जिंकलात ना." ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "बाबा, उठा. मला चालून दाखवा." त्यांची सुई थांबली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आपलं ठरलंय ना. घरी पायांचा विषय नाही." "मी घरी नाही आलेय. पेशंट बघायला आलेय." बाबांनी पिशवी बाजूला ठेवली, टेबलाला धरून उठले आणि खिडकीपर्यंत चालत गेले आणि परत आले. आठ पावलं होती. सिग्नलवर काचेतून दिसलं होतं त्याच्यापेक्षा ते फार वाईट होतं. वळताना त्यांनी हात पसरला, भिंत धरायला, आणि तिच्याकडे बघून तो पुन्हा खिशात घातला.

ते बसल्यावर ती खाली जमिनीवर बसली आणि तिनं त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं. पँटच्या डाव्या पायाची दुमड पुढून झिजलेली होती, रफू केलेली, रफूवर पुन्हा रफू, एकावर एक. बाहेरच्या माणसाला दिसलं नसतं इतकं बारीक काम. तिनं पँट वर सारली. "पाऊल वर घ्या." बाबांनी जोर लावला, तो त्यांच्या मानेत आला, जबड्यात आला. पाऊल हललं नाही. "अंगठा?" अंगठा हलला नाही. तिनं नडगीवर हात ठेवला. हाडाच्या बाहेरच्या बाजूला जिथं भरीव मांस असायला हवं तिथं खळगा होता, तिची चार बोटं त्यात आडवी मावली. तिच्या हाताला जे कळायचं ते कळलं. तरी तिनं विचारलं, कारण विचारावंच लागतं. "कधीपासून आहे हे, बाबा?"

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पन्नास वर्षं त्यांनी दुकानात माणसांची मापं घेतली होती. जुनी पँट घट्ट झाली म्हणून कुणी ओशाळून आला की ते टेप गुंडाळत म्हणायचे, धुण्यात कापड आटतं हो, तुमचं काही नाही, आणि तो माणूस ताठ होऊन घरी जायचा. आत्ता ते तसेच तिच्याकडे बघत होते, डोळ्यांनी माप घेत, हिला किती सोसेल याचं. मग म्हणाले, "पंधरा दिवस झाले असतील."

"पंधरा?"

"फार तर सोळा. तू नेमकी दौऱ्यावर होतीस, म्हटलं परत आलीस की दाखवू." त्यांनी पँट खाली करायला हात पुढे केला. तिनं पाऊल सोडलं नाही. बाहेर जिन्यात कुणीतरी चढत होतं, दोन्ही पावलं सारखी पडत होती. "वेळेत आलो ना मी?" बाबांनी विचारलं.

तिनं मान खालीच ठेवली. पाऊल गार होतं. ते दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "हो बाबा. अगदी वेळेत आलात."

"झालं तर मग," बाबा म्हणाले. "उगाच रजाबिजा टाकू नकोस. जा उद्या कामावर."